जिल्ह्याच्या माणसाचं एक चाक

आमच्या मावसभावाचं, दिलीपचं सांगतो. लातूर नवीन जिल्हा झाला आणि ते याच्याच अंगात आलं. कुणाची तरी जुनी मोटारसायकल घेतली अन् मला म्हणतो, "दोन चाकांवर खेड्यातले चालवतात. आपण आता जिल्ह्याची माणसं. एका चाकावर!" रोज संध्याकाळी चौकात पुढचं चाक उचलायला बघायचा. चाक काही उठायचं न्हाई, हाच पडायचा.

त्या साली दुष्काळ लई बेकार. मावशीनं त्याला टँकरवर पिटाळलं. पाण्याचे दोन भरलेले डबे मागं बांधून हा चढावर आला. आम्ही बसलेले दिसलो, मग काय! रेस दिली अन् क्लच सोडला. सगळं वजन मागं. पुढचं चाक सरळ आभाळाकडं!

"बघा रे, उचललं!" एवढंच ओरडला. मग गाडी एकीकडं, हा एकीकडं, अन् डबे गडगडत नालीकडं.

सगळी गल्ली धावली. डब्यांकडं. मावशी सगळ्यांच्या पुढं.

"आई, मी हिकडं पडलोय!"

मावशीनं डबा उभा केला, आत किती उरलं ते वाकून बघितलं, मग म्हणाली, "तू काय, रोजच पडतूस. टँकर रोज येत न्हाई."