चाकांच्या खुणांवर राख

काल याच निसरड्या उतारावर बाबागाडीसकट घसरलेली वेन्ला आज वरच्या वळणाआडच दांडा घट्ट धरून थांबली. खालून, घसरू नये म्हणून बुटांवर लोकरीचे मोजे चढवलेल्या दोन म्हाताऱ्या येत होत्या आणि त्यांच्यामागे बर्फावर करडी वाट उमटत होती.

"हिल्का, तुझं फाटक केव्हाच मागे राहिलं. सौना-न्हाणीच्या चुलीतली राख गावभर वाटायला काढलीस की काय?"

"राखेवर पाय घसरत नाही. या चाकांच्या खुणा जातात तिथवर टाकणार."

"कुणाच्या गं?"

"कुणास ठाऊक. काल खिडकीतून पाहिलं, पोरगी गुडघ्यांवर आपटली, पण गाडी सोडली नाही गं तिनं."

"आणि नव्वदीची तू आपटलीस म्हणजे?"

"मी आपटले तर एकटीच आपटेन, सिल्वी. धर बादली."