रांग टाळायचा पास

ऑर्लँडोच्या पार्कात तिकीटखिडकीच्या रांगेत वँडा उभी होती. तिच्या पुढे सत्तरीची ओपल, तिचा मुलगा ड्वाइट, सून शेल्बी आणि चार वर्षांचा नातू एझ्रा. ओपलचं बोलणं ऐकायला कान देण्याची गरज नव्हती.

“आई, रांग टाळायचे पास तिघांना घेतो. मी, शेल्बी आणि एझ्रा.”

“एझ्राला? उंचीच्या पट्टीपाशी उभा कर त्याला. एकाही मोठ्या राइडवर घेणार नाहीत.”

“त्याला वाईट वाटायला नको.”

“रांग म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही, आणि ती टाळायला तू शंभर डॉलर मोजतोस!”

“सुट्टीत हिशेब करायचा नसतो गं. सरबताचे मगही घेऊ. दिवसभर फुकट भरून देतात.”

“वीस डॉलरला फुकट! वा रे शहाण्या.”

“ड्वाइट, इथे चाकाची खुर्ची भाड्याने मिळते. आईंचा गुडघा सुजलाय.”

“उगाच खर्च कशाला, शेल्बी? आई मस्त चालते.”

“नाही चालवत रे. मी बाकावर बसते, तुम्ही जा.”

“बाकावर? मग आम्ही राइडवर असताना एझ्रामागे धावणार कोण?”

ओपलने पर्समधून स्वतःचं कार्ड काढून खिडकीतल्या मुलीपुढे सरकवलं.

“पोरी, एक खुर्ची दे. नातू मांडीवर बसेल. ढकलायला हा घोडा आहे.”