उतारावरची वायर

पुरवणी जबाब
वाघजाईवाडी पोलीस चौकी, जिल्हा सातारा. तारीख ८ मे १९६५, दुपारी.

माझे नाव भाऊसो नेमगोंडा आवटी, वय चौतीस वर्षे, धंदा विमा एजंट, राहणार गावभाग, सांगली. समक्ष विचारल्यावरून जे घडले ते सांगतो, ते असे.

याच चौकीत, याच बाकावर बसून मी आज सकाळी एक जबाब दिला आहे. त्यात असे म्हटले आहे की, एक इसम बिनब्रेकची सायकल बेफामपणे चालवत घाटातून आला, चौकीसमोरच्या खाटेवर आदळला, अशा लोकांना दयामाया न दाखवता आत टाकावे. शेवटचे वाक्य मला कोणी विचारले नव्हते. ते मी आपणहून घातले. सकाळच्या जबाबात घडले ते आहे, पण ते कशामुळे घडले हे नाही, म्हणून हा दुसरा जबाब देत आहे.

मी विम्याच्या कामासाठी सांगलीहून सातारला माझ्या मोटारसायकलीवर निघालो होतो. वाघजाईच्या खिंडीत, म्हणजे चढ संपून उतार लागतो तिथे, अ‍ॅक्सिलेटरची वायर तुटली. मूठ पिळली की नुसतीच फिरायची आणि इंजिन जागच्या जागी गुरगुरायचे. मी गेली काही वर्षे मोटारसायकल चालवतो आणि तिच्यातले मला सर्व कळते असे सांगलीत सर्वांना सांगतो. खिंडीत सांगायला कोणी नसल्यामुळे मी एका दगडावर बसून राहिलो.

प्रथम पारूबाई नावाची एक बाई डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन शेताकडे चालली होती, ती थांबली. माझी तिची ओळख नाही, नाव तिनेच सांगितले. तिने पाटी उतरवून तांब्या माझ्यापुढे धरला व म्हणाली, "पानी प्या आधी, मग गाडीकडं बघा. गाडी काय पळून जात न्हाई." नंतर नवऱ्यासाठी नेत असलेली अर्धी भाकरी तिने माझ्या हातावर ठेवली. मालकांना काय सांगणार, असे मी विचारले. ती म्हणाली, "सांगीन, वाटंत एक उपाशी सायेब बसला हुता. आवं, अर्धी ऱ्हायलीया की त्यांना." मी ती भाकरी खाल्ली. एकदाही नको म्हणालो नाही, हे नोंदवावे.

त्यानंतर एक ट्रक आला. ड्रायव्हरने ट्रक बंद न करताच काय झाले ते विचारले आणि खिडकीतून पक्कड खाली टाकली. परत कुठे द्यायची, असे मी ओरडलो. "कराडच्या नाक्यावर कुनाकडंबी द्या, मला पोचती," असे म्हणून तो गेला. त्याचे नाव किंवा ट्रकचा नंबर मी घेतला नाही. पक्कड माझ्याजवळ आहे.

मग आकाराम मसू भिंगारदिवे हा सायकलीवरून आला. त्या वेळी मला त्याचे फक्त आकाराम एवढेच नाव कळले. वय बावीसच्या आसपास, अंगात बनियन, हँडलला कापडी पिशवी. मी हात वर करण्याआधीच तो खाली उतरला होता. "काय झालं, सायेब?" एवढेच त्याने विचारले. मी त्याला वायर तुटल्याचे सांगितले, मग कार्बोरेटर कसा चालतो ते सांगितले, आणि तो ऐकतो आहे असे पाहून मानवी जीवनाची अनिश्चितता व विम्याचे फायदे हेही सांगितले. माझ्या गाडीचा स्क्रू त्याने दातात धरलेला असल्यामुळे त्याला मध्येच बोलता येत नव्हते.

बोलता बोलता मी म्हणालो, सायकलीच्या ब्रेकची वायर असती तर गाडी आत्ता चालू झाली असती. ही कल्पना माझीच. या भागात बहुतेक सायकलींना दांड्याचे ब्रेक असतात. आकारामची सायकल त्याच्या मिलिटरीतल्या मामाने पुण्याहून आणलेली, वायरच्या ब्रेकची. अशी सायकल नेमकी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, हे मी माझे नशीब समजलो. त्याच्या नशिबाचा विचार केला नाही.

त्याने पुढच्या ब्रेकची वायर काढून दिली. ती मापात घ्यावी म्हणून मी पक्कडीने तोडली. मग लावून पाहिली तर आखूड पडली. आधी लावून पाहायची आणि मग तोडायची, हे मला तोडल्यावर सुचले. मला वाटले आता हा चिडणार. तो म्हणाला, "आसू दे, मागली लांब हाय." आणि त्याने मागच्या ब्रेकचीही वायर काढली. ती बसली. गाडी चालू झाली. तुझे काय, असे मी त्याला विचारले. खरे सांगायचे तर मी हे विचारले तेव्हा गाडीवर बसलेलो होतो व गिअर टाकलेला होता. तो म्हणाला, "पाय हायत की. जावा तुमी, सातारा लांब हाय." मी गेलो.

घाट उतरून मी चौकीशेजारच्या हॉटेलात चहाला थांबलो. हॉटेलवाल्याला मी सांगितले की, गाडी खिंडीत बंद पडली होती, मी एकट्याने दुरुस्त केली. एकट्याने हा शब्द मी वापरला. तेवढ्यात घाटाकडून आरडाओरड ऐकू आली. पांढरा शर्ट घातलेला एक इसम सायकलीवरून दोन्ही पाय जमिनीला घासत, "बाजूला व्हा, बाजूला व्हा" असे ओरडत येत होता. रस्त्यावर पोरे गोट्या खेळत होती. पोरे वाचवण्यासाठी त्याने हँडल चौकीच्या बाजूला वळवले. तिथे खाटेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. इसम, सायकल, खाट व कुरडया एकत्र पडल्या. पोरांपैकी कोणालाही काही झाले नाही. या वेळी मी काय मदत केली असे विचाराल तर, मी बशीतला चहा न सांडता उभा राहिलो आणि हल्लीच्या लोकांबद्दल मोठ्याने मत दिले. ते ऐकून जमादार हिंदुराव शेवाळे यांनी मला शिकलेला माणूस समजून साक्षीला बोलावले.

मी त्याला ओळखले कसे नाही, असे जमादारसाहेबांनी विचारले. खिंडीत तो बनियनवर होता. पिशवीतला पांढरा शर्ट बुद्धजयंतीला घालायचा म्हणून नवा शिवलेला. चौकीत जायचे म्हणून तो त्याने मी गेल्यावर अंगात घातला, हे मला नंतर कळले. शिवाय सकाळचा जबाब देताना मी त्याच्या तोंडाकडे पाहिलेच नव्हते. माझी वाक्ये जुळवण्यात मी गुंतलो होतो.

सही करून बाहेर आलो तेव्हा भिंतीला टेकवलेली सायकल दिसली. पुढचे चाक वाकले होते. ब्रेकच्या दोन्ही मुठी रिकाम्या होत्या. बाजूच्या पिशवीतून वायरचा आखूड तुकडा बाहेर आला होता, त्याचे टोक चेंगरलेले होते. वायर इतक्या वाईट तऱ्हेने तोडणारा माणूस मी एकच पाहिला आहे. मी परत आत गेलो.

आकाराम कोपऱ्यात उकिडवा बसला होता. कोपराला हळद भरलेली होती. माझे नाव का नाही सांगितलेस, असे मी त्याला विचारले. त्याने जमादारसाहेबांना फक्त "बिरेक न्हवता, चूक माजी" एवढेच सांगितले होते. मला म्हणाला, "तुमचं नाव घेतलं आसतं तर गाडीतली वायर काढून ठिवली आसती ह्यांनी. तुमी परत अडकला आसता. तुमाला सातारला काम हाय न्हवं."

सातारला काम त्यालाही होते. त्याची एस.टी.त कंडक्टर म्हणून निवड झाली आहे. त्याच्यावर कोणताही गुन्हा नाही, असा वर्तणुकीचा दाखला याच चौकीतून घेऊन आज कचेरी बंद होण्याआधी सातारला हजर करायचा होता. त्याचसाठी तो घाट उतरत होता. गुन्हा दाखल झाला तर दाखला मिळत नाही आणि दाखला नाही तर नोकरी नाही. हे कळल्यावर मला लाज वाटली. लाज हा शब्द जबाबात बसत नाही असे जमादारसाहेबांचे म्हणणे आहे, तरी तो राहू द्यावा अशी माझी विनंती आहे.

मी त्यांना वरील सर्व हकिगत सांगितली आणि म्हणालो की गुन्हा लिहायचाच असेल तर माझ्या नावावर लिहावा. माझ्या वर्तणुकीचा दाखला आजवर कोणी मागितलेला नाही आणि यापुढेही मागेल असे वाटत नाही.

कुरडया जमादारसाहेबांच्याच, चौकीला लागून असलेल्या घरच्या होत्या. त्यांच्या पत्नी लीलाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी मला विचारले, "सायेब, उताराला गाडी आपसूकच येती की खाली. वायर कशाला लागली? हितं खाली सायकलीचं दुकान हाय की, तितं मिळाली नसती व्हय?" मी आजपर्यंत विमा नको म्हणणाऱ्या शेकडो माणसांना उत्तरे दिली आहेत. लीलाबाईंना मी एवढेच म्हणालो की, बरोबर आहे. उतारावर मला अ‍ॅक्सिलेटर नको होता. ब्रेक त्याला हवा होता.

फिर्याद देणार का, असे जमादारसाहेबांनी लीलाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "माजी फिर्याद न्हाई. वाऱ्यानं खाट पडली म्हनून लिवा."

"वारा कुठं हाय?" जमादारसाहेब म्हणाले.

"मग काय बी लिवू नगा. पोरगं गोट्या खेळनाऱ्या पोरांवर गेलं आसतं तर?" नंतर त्या माझ्याकडे वळल्या. "आन तुमी या आत. कुरडयांचा चीक उरलाय, गार व्हायच्या आत सोऱ्या दाबा."

त्याप्रमाणे मी सोऱ्या दाबला. माझी एकही कुरडई गोल पडली नाही. त्या पसरून झाल्यावर जमादारसाहेब कागद शोधेपर्यंत मी खाटेशेजारी बसून कावळे हाकले. तोवर लीलाबाईंनी आकारामचा शर्ट धुऊन त्याच्या फाटलेल्या बाहीला टाके घातले. तो अजून ओला आहे, पण अंगावर वाळेल असे त्या म्हणतात.

दाखला लिहून झाला आहे. सातारची एस.टी. मात्र निघून गेली आणि सायकल चालवण्याजोगी नाही. वायरबद्दल जमादारसाहेबांनी असे ठरवले की, ती चौकशीतली वस्तू असल्याने तिचा मूळ मालक आकाराम याच्या ताब्यात द्यावी, परंतु सध्या आहे तिथून काढू नये. वस्तू नजरेआड होऊ नये म्हणून मालकाने गाडीवर मागे बसून सातारपर्यंत तिच्याबरोबर जावे. हे सांगताना ते हसले नाहीत. मीही हसलो नाही.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला, मी सांगितले तसाच तो उतरला आहे. सकाळच्या जबाबातले शेवटचे वाक्य खोडता येत नाही असे कळले, तर ते माझ्याबद्दल आहे असे धरून वाचावे. सातारच्या वाटेत पुढे एक मोठा चढ आहे. तिथे गाडी बंद पडली तर आकारामने खाली उतरू नये, असे मी त्याला आपल्यासमोर बजावले आहे. ढकलणार मी आहे.

सही: भाऊसो नेमगोंडा आवटी
समक्ष: हिंदुराव शेवाळे, जमादार