पान नऊची तालीम

प्रमिला : अगं, पण अबुधाबीत आपल्या मंडळाचं ठरलंय ना, नाटकात नवरा-बायको खरेच घ्यायचे? उगाच चर्चा नको म्हणून! आणि तू मला तुझ्याच नवऱ्याची, सुजीतभावजींची बायको करतेस?

शुभ्रा : आज फक्त वाचायचं गं. घसा बसलाय माझा. अमेरिकेतला बंगला, पुढे लॉन, मागे स्विमिंग पूल. पार्टीचे पाहुणे आत्ताच गेलेत. सुजीत, पान नऊ. यल्ला, सुरू कर.

सुजीत : घसा बसलाय? सकाळी आपल्या देवांशवर तर ओरडत होतीस.

शुभ्रा : वाच.

सुजीत : "चार लोकांत माझी लाज काढलीस. तोंड बंद ठेवत जा."

प्रमिला : अय्या, भावजी, चिडा की! श्रीखंड वाढताय का मला?

सुजीत : "प्लीज, तोंड बंद ठेवत जा."

शुभ्रा : प्लीज कुठे लिहिलंय?

सुजीत : अगं, वहिनींना कसं म्हणू? पुढचं तर बघ. "माझ्या व्हिसावर राहतेस, आवाज खाली." हॅ! अमेरिकेतला माणूस असं कशाला म्हणेल?

प्रमिला : हो गं, हे आपल्या इथलंच वाटतं. पण बाई, बायकोला कोण बोलतं असं?

शुभ्रा : लिहायला बसले तेव्हा जे कानात होतं, ते लिहिलं.

सुजीत : शुभ्रा, ते वाक्य काढ.

शुभ्रा : काल तर न अडखळता म्हणालास.

प्रमिला : काल? काल कुठे तालीम होती?

शुभ्रा : नव्हतीच.

(सुजीत वही मिटतो.)

सुजीत : खलास. बंद कर हे. वहिनी, सॉरी हं, तुम्हाला उगाच त्रास.

शुभ्रा : तिला सॉरी!

सुजीत : घरी चल. घरी बोलू.

शुभ्रा : घरी मला तुझी भीती वाटते. म्हणून इथे, हिच्यासमोर. आठ वर्षं स्वतःची समजूत घालतेय, याची जीभच तशी, याला दुसरं येतच नाही. खरंच येत नसेल तर राहीन म्हटलं, सांभाळून घेईन. नाहीतर देवांशला घेऊन पुण्याला आईकडे. तेवढं बघायचं होतं.

सुजीत : मग?

शुभ्रा : येतं रे तुला. किती छान बोलतोस तू. फक्त माझ्याशी नाही.

सुजीत : वहिनी, तुम्ही तरी सांगा हिला काहीतरी.

प्रमिला : शुभ्रा, देवांशला घे. आज आमच्याकडे राहा.