मामांची टाळी

माफ करा हं, शुद्धलेखन चुकेल, शब्दही साधेच आहेत, शाळा आठवीतच सुटली माझी... पण तुम्हीच सांगा, मुलगा बघायला आलेल्या माणसानं कोंबड्यांपुढं टाळ्या कशाला वाजवायच्या? अहो, पक्षी घाबरला की वजन गेलं!

तुम्हाला सांगतो, ब्रॉयलर कोंबड्या सांभाळणं म्हणजे तान्हं पोर सांभाळणं. ऊन वाढलं की पडदे भिजवा, खाली अंथरलेला भाताचा तूस ओला झाला की वास डोळ्यांत जातो, पाणी तापलं की पीत नाहीत, पीत नाहीत म्हणून खात नाहीत... एवढं करून पक्षी दोन किलोला टेकले, सोमवारी न्यायला व्यापाऱ्याची गाडी येणार, आणि शेवगावहून पाहुणे! ज्ञानेश्वरी, तिचे मामा आणि मामांचा आवाज.

आई कानात म्हणाली, "हनुमंता, तिसरं स्थळ हाय. आता तरी तोंड उघड!" उघडणार कसं? पोरगी समोर, आणि मी कपातली साय बघतोय!

मामा म्हणाले, "शेड दाव की!"

"बाहेरचं माणूस आत... रोग..."

"आरं, मी काय रोग हाय का?"

दारातल्या औषधाच्या पाण्यात पाय बुडवा म्हटलं, तर "नवं बूट हायेत!" म्हणत टुणकन उडी मारून आत! ज्ञानेश्वरीनं मात्र मुकाट चपला बुडवल्या, दारातच थांबली. तेवढ्यात मामा, "बगू, पळत्यात का!" आणि टाळी... फाट्! सगळे पक्षी कोपऱ्यात, एकावर एक ढीग, खालचे गुदमरायला लागले! मी झेप घेतली, ढीग मोडता मोडता ओरडलो, "मामा, बाहेर व्हा!" जन्मात पहिल्यांदा ओरडलो हो, आणि तेही कुणावर? पण पक्षी घाबरला की...

पक्षी एकही दगावला नाही. पाहुणे मात्र जेवण टाकून गेले. आई म्हणाली, "आता कोंबडीशीच लगीन लाव!"

संध्याकाळी मामांचा फोन. "पोरगी म्हणती, कोंबडीसाठी एवढा वरडतो, मग घरच्यांसाठी किती झटंल! पसंत हाय! साखरपुडा रविवारी, तुमच्याच दारात... अन् डीजे माझ्याकडून!"

"मामा, डीजे नको, पक्षी घाब..."

"आरं, लाजू नको!" फोन बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये गेलो, खाद्य टाकलं आणि पक्ष्यांना हळूच सांगितलं, "रविवारी डीजे हाय. तुमी खात ऱ्हावा. घाबरायचं मी बघतो."