नवशिक्याचा खांब

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी म्हातारा रंगारी आणि त्याची बायको बसली होती.

“तो खांब बघ. संगमरवरासारखा रंगवलाय, पण रेघा किती खोट्या! नवशिक्याचं काम दिसतंय.”

“चाळीस वर्षं लोकांच्या भिंतींवर संगमरवर रंगवलात, आता दुसऱ्यांना नावं ठेवा.”

“अगं, खऱ्या दगडात रेघ अशी वळतच नाही.”

“मग हात लावून या. रंग असेल तर गार लागणार नाही.”

तो खांबापर्यंत जाऊन आला.

“काय झालं?”

“गार आहे.”

“म्हणजे खरा दगड! आता देवालाच रेघा शिकवा.”

“मोतीबिंदूमुळे फसलो गं. ऑपरेशन झालं की आधी तुझा चेहरा नीट बघणार.”

“नको हो! तोही त्याच नवशिक्यानं केलाय.”