पंप चालू असताना

बसवंत : मान हलवू नका, सुहाससाहेब. तोंड फिल्टरच्या झाकणासमोरच ठेवा. माझा भाऊ असाच वाकला होता.

सुहास : बसवंत, दात पडलाय माझा. प्लीज, बास.

बसवंत : एकच पडलाय. चंद्रकांतचा जबडा तारेनं आवळलाय. डावा डोळा काढून टाकलाय.

सुहास : त्यानं पंप चालू असताना फिल्टर उघडला. आत इतकं प्रेशर असतं, झाकण गोळीसारखं सुटतं. त्यात मी काय—

बसवंत : आताबी चालूच आहे की. हा बघा, नटाचा एक आटा सुटला.

सुहास : नको. नको रे, अण्णा.

बसवंत : आता अण्णा. अन् पोलिसांना काय सांगितलंत? तो पिऊन आला होता.

सुहास : वास येत होता त्याच्या अंगाला.

बसवंत : इथेनॉलच्या प्लांटमध्ये कुणाच्या अंगाला येत नाही? तुमच्या बायकोला विचारा. माळकरी आहे चंद्रकांत. आता त्याची बायको शिवलीलासुद्धा त्याच्याकडं संशयानं बघती. पंपाच्या बटनाकडं हात नेऊ नका.

सुहास : आई गं— बोट, बसवंत, बोट मोडलं—

बसवंत : अजून नऊ आहेत. फोन चालू आहे, शिवलीला ऐकती. त्या दिवशी काय झालं ते तिला सांगा.

सुहास : बेळ्ळंदूरच्या ऑफिसमधून पाहुणे येणार होते. इथेनॉल काढून उरलेलं काळं पाणी फिल्टरच्या मेंब्रेनमधून गाळून परत टाकीत जातं, बाहेर थेंब सोडत नाही, हे दाखवायचं होतं. ऐन वेळी मेंब्रेन चोंदलं. पंप थांबवला असता तर सगळा डेमो गेला असता.

बसवंत : मग?

सुहास : मीच म्हटलं, पंप राहू दे, झाकण स्वल्प ढिलं कर. तो नको म्हणत होता. मी त्याच्या अंगावर ओरडलो.

बसवंत : प्यायला होता?

सुहास : नाही. नव्हता प्यायला. सोड आता.

(एवढंच ऐकायला बसवंत आला होता. तरी पाना फिरवणारा हात त्याचं ऐकेना.)

शिवलीला : भावजी.

बसवंत : ऐकलंस?

शिवलीला : ऐकलं. यांनीबी ऐकलं.

बसवंत : काही खूण करतो का? मान हलवतो?

शिवलीला : फोन लागल्यापासून पलंगाखाली शिरून बसलेत, भावजी. पहिलं तो पंप बंद करा.